फोटोची मागची बाजू आधी बघ

आपल्या नारायण पेठेतल्या जुन्या बिऱ्हाडकरूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं काम आता तू बघणार, असं दादा फोनवर सांगत होता. फार बरं वाटलं. वाडा गेला, त्या जागी इमारत उभी राहिली, माणसं धायरीपासून डोंबिवलीपर्यंत पांगली. तरी कुणीतरी चौकातला एखादा फोटो टाकतं आणि सगळी पेठ बोलायला लागते, ही साधी गोष्ट नाही गं. म्हणून मला जे कळतं ते सांगते. सुचेल तसं सांगणार आहे, त्यात क्रम शोधू नकोस.

आधी माणसं गाठ, फोटो मागाहून. ट्रंकेतला फोटो दहा वर्षांनीही निघेल. त्यातल्या चेहऱ्यांना नावानं हाक मारलेली माणसं मात्र आता हाताच्या बोटांवर उरली आहेत. ऐंशीच्या पुढचं कोण कोण आहे त्याची यादी कर, आणि ज्यांची नजर अधू होत चालली आहे त्यांच्याकडे सगळ्यात आधी जा. त्यांना मोबाईलवर फोटो दाखवू नकोस. स्क्रीनवर एक चेहरा मोठा केला की शेजारचं माणूस कडेला निघून जातं, आणि म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा शेजारच्यावरूनच ओळख पटत असते. दुकानातून आठ बाय दहाची प्रत काढून घे, ती त्यांच्या मांडीवर ठेव आणि उजेड त्यांच्या खांद्यामागून येईल अशी बस.

‘हे कोण?’ असं लगेच विचारू नकोस. नाव आठवलं नाही की माणूस ओशाळतं आणि ‘जाऊ दे गं, आता काही लक्षात राहत नाही’ म्हणून फोटो परत देतं. वस्तूंपासून सुरुवात कर. मागच्या वर्षी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंना मी तो चौकातला फोटो दाखवला. ओसरीच्या पायरीवर ओळीनं बसलेल्या बायका, कडेला दोन उघडी पोरं, मागे हौद. काकू बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या, एकही नाव येईना. मग मी विचारलं, ‘काकू, हा बंब कुणाचा हो?’ त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. ‘आमचाच की! हा बघ, कान तुटलाय. ह्यांनी तारेनं बांधला होता.’ बंब त्यांचा, म्हणजे पहाटे तो पेटवायचं कोण, हे निघालं. मग पाण्यासाठी नंबर लावून कोण कोण यायचं, वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला पहिलं घंगाळ कसं जायचं, आणि त्या बाळंतिणीचं थोरलं पोरगं म्हणजे फोटोतलं डावीकडचं, हेही निघालं. चहा होईतो पायरीवरच्या सगळ्या बायका ओळखून झाल्या होत्या. तेव्हा बंब, पाटा, दाराची कडी, सायकल, अंगावरचं लुगडं, हे आधी विचार. नावं त्यांच्या पाठोपाठ येतात.

बोलणं चालू असताना मोबाईलवर रेकॉर्डिंग लाव, पण सांगून लाव. सुरुवातीलाच तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव तुझ्या तोंडून बोलून ठेव, नाहीतर पाच वर्षांनी आवाज कुणाचा हेच कळायचं नाही. मध्ये चूक काढायची नाही. त्यांनी नात्याचा घोळ घातला, साल इकडचं तिकडे केलं, तरी बोलू दे. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहून ठेव, प्रत्येकीसमोर सांगणाऱ्याचं नाव घाल. पानशेतच्या पुराचं पाणी वाड्यात किती वाजता आलं, यावर आपल्याच घरात एकमत नाही. कुणी अंगणात उभं होतं, कुणी शाळेतून परतत होतं, कुणी माडीवर. ज्याला जिथून दिसलं तिथून तो सांगणार. ग्रुपवर मत घेऊन खरं कोणतं ते ठरवायच्या भरीस पडू नकोस.

आणि एक मनापासून सांगते, बायकांची नावं विचार. जुन्या फोटोंच्या मागे पुरुषांची नावं आडनावासकट असतात. बायका म्हणजे ‘अमक्याची मंडळी’, ‘धाकट्या वहिनी’, नाहीतर काहीच नाही. पाळण्यातलं नाव, सासरचं नाव आणि घरात हाक मारायचं नाव, तिन्ही लिही. माई, अक्का, जिजी एकेका वाड्यात तीन-तीन असायच्या, नुसतं ‘माई’ लिहून पुढच्या पिढीला काही उमगायचं नाही. आपल्या आजीला सगळा वाडा ‘वैनी’ म्हणायचा. तिचं माहेरचं नाव ग्रुपमधल्या एकालाही सांगता आलं नाही. अख्ख्या वाड्याची बाळंतपणं जिनं निस्तरली, तिचं! मला त्याचं फार वाईट वाटतं. हे तुझ्या हातून भरून निघावं अशी इच्छा आहे.

आता फोटो कुठे मिळतील ते ऐक. नदीकाठच्या पेठांतले १९६१ च्या आधीचे फोटो नुसते पुण्यात शोधत बसलीस तर हाती थोडंच लागेल. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खालचं खडकवासल्याचं धरणही गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांचं होतं नव्हतं ते गेलं. तांब्यापितळेची भांडी चिखलातून काढून घासता आली. कागद आणि फोटो गेले ते गेले. ज्यांच्या ट्रंका सापडल्या त्यांच्या अल्बमची पानंही एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना चेहरे सोलून निघाले. घरं पडली त्यांतली कित्येक कुटुंबं पुढे गोखलेनगर, सहकारनगर या बाजूला पूरग्रस्तांच्या वसाहतींत राहायला गेली.

पण लग्न होऊन परगावी गेलेल्या मुलींच्या ट्रंका कोरड्या होत्या. पूर्वी बारसं झालं, मुंज झाली, घरात सायकल आली, की फोटोची एक प्रत पत्राबरोबर मुलीला जायची. इंदूर, बडोदा, बेळगाव, नागपूर, जिथे दिली असेल तिथे. ती ते जिवापाड जपायची, कारण माहेर वर्षातून एकदा दिसायचं. तेव्हा माहेरवाशिणी शोध. तुमच्या ग्रुपात पुरुषच जास्त आहेत, कारण नंबर गणपती मंडळाच्या यादीतून घेतले. प्रत्येकाला एकच काम दे: आपापल्या आत्याला, मावशीला, थोरल्या बहिणीला फोन करा. त्या नसतील तर त्यांच्या सुनांना विचारा. फोटोबरोबर पाकीट असेल तर तेही मागून घ्या. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर साल शोधायची निम्मी मेहनत वाचते.

कुणाचाही मूळ फोटो घरी घेऊन येऊ नकोस, कुरियरनं मागवू तर अजिबात नकोस. त्यांच्याच घरी, त्यांच्या डोळ्यांसमोर प्रत घे आणि तिथेच परत दे. विश्वास यातूनच बसतो, आणि पुढच्या खेपेला कपाटातला दुसरा डबा निघतो. स्कॅनर नेता आला तर उत्तम. लहान फोटो ६०० डीपीआयला घे. मोबाईलनं घ्यायचा असेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडत नसेल तिथे, फ्लॅश बंद करून, मोबाईल फोटोला अगदी समांतर धरून घे. पांढरी किनार कापू नकोस, करवती कडा असेल तर तीही येऊ दे. मग उलटा कर आणि मागच्या बाजूचाही फोटो काढ. स्टुडिओचा शिक्का, शाईतलं अर्धं पुसलेलं नाव, ‘ति. दादांस’ असं लिहिलेलं, सगळं तिथेच असतं. लोक नेमकी हीच बाजू सोडतात.

काळ्या पानांचे, कोपरे लावलेले अल्बम निभावतात. कसर लागलेली नसेल तर फोटो अलगद निघतो. घात केला तो चिकट पानांच्या, वर प्लास्टिक असलेल्या अल्बमनी. त्यातला गोंद पिवळा पडतो आणि फोटोला धरून ठेवतो. ओढू नकोस. प्लास्टिक उचलून जागच्या जागी फोटो काढ. अगदी काढायचाच झाला तर दातांत घालायचा बारीक दोरा मागून हळूहळू सरकवत न्यायचा, आणि आधी प्रत घेऊन मगच. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच राहू दे. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं. बॉलपेन पुढच्या बाजूला उमटतं. सत्तरीनंतरच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, तेव्हा पाकिटावर लिहून फोटो त्यात ठेव.

साल ठरवायचा नाद लागला की सुटत नाही, मलाही लागला आहे. पण साल ठरवताना घाई करू नये. फोटोतल्या एखाद्या खुणेवरून बहुतेक वेळा एवढंच कळतं की फोटो अमुक सालाच्या आधीचा नाही. दुकानाच्या पाटीवर सहा आकडी पिन कोड असेल तर १९७२ च्या नंतरचा, कारण तो त्या वर्षी आला. गाडीवर ‘एमएच १२’ असेल तर १९८९ च्या आधीचा नाही. ‘पीएमटी’ लिहिलेली बस १९५० पासून पुढची, त्याआधी शहरात सिल्व्हर ज्युबिली मोटर्सच्या गाड्या धावत. भावाच्या पाटीवर नवे पैसे असतील तर १९५७ च्या नंतरचा, पण नुसते आणे दिसले म्हणून ‘आधीचा’ म्हणू नकोस, जुन्या पाट्या कित्येक वर्षं तशाच लटकत राहिल्या. गणपतीच्या फोटोत मंडळाची पाटी बघ. ‘वर्ष अमुकावे’ असं त्यावर असतं. मंडळाचं स्थापनेचं साल विचारलं की हिशेब झाला. हिच्याइतकी भरवशाची खूण दुसरी मिळत नाही.

सिनेमाच्या पोस्टरवर भिस्त ठेवणारे पुष्कळ जण भेटतील. ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, म्हणून फोटो १९५९ चा, असं ते ठामपणे सांगतील. पण तो सिनेमा आपल्या विजयानंद थिएटरला सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. म्हणजे पोस्टर १९६१ मध्येही भिंतीवर असणार! साल नक्की नसेल तर ‘अंदाजे १९५९ ते ६१’ असं लिहावं. त्यात कमीपणा नाही.

फोटो उलटा छापलेला नाही ना, तेही बघ. निगेटिव्ह पालथी पडली की डाव्याचं उजवं होतं. पाटी असेल तर लगेच कळतं, नसेल तर पदर बघ. आपल्या बायकांचा पदर डाव्या खांद्यावर, पण शेजारी गुजराती बिऱ्हाड होतं हेही ध्यानात ठेव, त्यांचा उजव्यावरून यायचा. मनगटावरचं घड्याळ, शर्टाची बटणपट्टी, यांचाही ताळा घ्यावा.

ग्रुपवर टाकताना फोटो नेहमीसारखा पाठवलास तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं, शिवाय फाईलमधली तारीख वगैरे निघून जाते. बघायला तो चालेल. ठेवायची प्रत ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांग. आणि फोटोखाली माहिती असल्याशिवाय फोटो टाकायचा नाही, असा नियमच कर. माहिती म्हणजे काय, ते आपल्या चौकातल्या फोटोवरून सांगते: ‘वाड्याचा मागचा चौक, हौदाची बाजू. अंदाजे १९५५ ते ६०. काढणाऱ्याचं नाव माहीत नाही. मूळ प्रत आत्याकडे, मिरजेला. ओळख सांगणाऱ्या: समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू. डावीकडून पहिली…’ आणि पुढे नावं. बस्स. अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेलं ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सवडीनं बघ. तिथे घराघरातले फोटो आहेत आणि प्रत्येकाबरोबर घरच्या माणसाची हकीकत आहे. ओळखीपाळखीचे नसलेले ते चेहरे आपण शेवटपर्यंत बघत राहतो ते त्या हकीकतीमुळे.

हल्ली जुन्या फोटोंत रंग भरून देणारी ॲप निघाली आहेत. पोरं हौसेनं आजीचं लुगडं गुलाबी करून टाकतात. ते लुगडं कुठल्या रंगाचं होतं हे मशीनला माहीत नाही, ते आपलं ठोकून देतं. चेहरा स्पष्ट करणारी ॲप तर त्याहून वाईट. अंधूक चेहऱ्यावर ती कुणाचे तरी डोळे, कुणाचे तरी ओठ बसवतात आणि म्हातारी माणसं बुचकळ्यात पडतात की ही आपली बहीण आहे की नाही. रंगवलेला फोटो टाकायचाच असेल तर त्यावर तसं लिहायचं आणि मूळ फोटो बरोबर टाकायचा. संग्रहात मात्र फक्त मूळच ठेवायचा. इथे माया करू नकोस.

‘जुनं पुणं’ म्हणून फिरत येणाऱ्या फोटोंना एकच प्रश्न विचार: तुमच्याकडे हा कुठून आला? ‘दुसऱ्या ग्रुपवरून’ असं उत्तर आलं तर तो गप्पांना चालेल, संग्रहात नको. पुराचे फोटो विशेष तपासून घे. कुठल्याही गावचा, कुठल्याही सालचा पूर पानशेतचा म्हणून खपवला जातो. गूगल लेन्सला फोटो दाखवला तर बरेचदा त्याचं मूळ सापडतं. आणि एक सांभाळ. दर १२ जुलैला पुराचे फोटो येतात, त्यांवर हसरे नि टाळ्यांचे इमोजी पडतात. त्याच ग्रुपात त्या दिवशी घरातलं माणूस गमावलेले लोक आहेत. ते कधी बोलत नाहीत. अशा वेळी आधी त्यांना खासगीत फोन करून विचारत जा.

सगळंच सगळ्यांसमोर मांडायचं नसतं. मोडलेलं लग्न, घर सोडून गेलेला मुलगा, ज्याच्याबद्दल घरात बोलत नाहीत असा कुणी फोटोत असेल, तर टाकण्याआधी त्या घरच्यांना विचार. नको म्हणाले तर नको. कारण विचारू नकोस. वाड्याची हद्द, मधली भिंत, कुणाची खोली कुठवर, अशा फोटोंवरून मालक-भाडेकरूंची जुनी भांडणं उकरली जातात, काहींच्या तारखा अजून कोर्टात चालू असतील. तिथे आपण मधे पडायचं नाही. आणि आठवणींच्या भरात लोक जन्मतारीख, जन्मगाव, आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा, सगळं एका दमात लिहितात. बँका ओळख पटवायला असेच प्रश्न विचारतात. हयात माणसाची इतकी माहिती एकत्र दिसली की त्यांना फोन करून काढायला सांग.

ग्रुप म्हणजे साठवण नव्हे. मोबाईल भरला की लोक सगळं पुसतात. दर महिन्याला नवे फोटो माहितीसकट संगणकावर उतरवून घे, दुसरी प्रत हार्ड डिस्कवर आणि ती दुसऱ्याच्या घरी ठेव. एकाच घरात सगळं ठेवण्याचा परिणाम आपल्या पेठेनं एकदा भोगला आहे. फाईलला नाव देताना आधी साल, मग जागा, मग कुणाकडची प्रत. आणि तुला काही कारणानं जमेनासं झालं तर पुढे कोण बघेल ते आत्ताच ठरवून त्याला पासवर्ड सांगून ठेव.

माझ्या अल्बमचं विचारलं होतंस. काळ्या पानांचा आहे, बरेच कोपरे सुटले आहेत आणि दोन फोटो पानालाच चिकटलेत, ते मी मुद्दाम ओढलेले नाहीत. शिवाय दादाची पत्रं आहेत, पाकिटांसकट. दोन दिवसांची सवड काढून मिरजेला ये, येताना स्कॅनर आण. आमच्याकडे दुपारी वीज जाते, तेव्हा सकाळी स्कॅनिंग आणि दुपारी नावं लिहायची, असं करू.